रोलरवर टांगलेला डबा

ज्ञानूचा फोन आला तेव्हा मी मारुंजीत एका अर्धवट रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभा होतो. छत्री पावसासाठी नव्हे, उन्हासाठी. मे महिन्यातली दुपार, अडीच वाजून गेलेले. ज्ञानू आमच्याकडे पेव्हर चालवतो, म्हणजे गरम डांबरी माल रस्त्यावर सारखा पसरणारं यंत्र. एरवी फोन केला की आधी दोन मिनिटं घरची, पोराबाळांची चौकशी करतो, मग कामावर येतो. त्या दिवशी त्यानं चौकशी केली नाही. "साहेब, आण्णा रोलरवरनं खाली उतरलं, पानी मागितलं आन् बसल्या जागी कलंडलं. दवाखान्यात आनलंय..." मागून कुणीतरी फोन घेतला आणि सांगितलं की आणलं तेव्हाच जीव नव्हता. थोड्या वेळानं ज्ञानू परत फोनवर आला. डॉक्टरांनी विचारलं होतं, यांनी सकाळपासून काही खाल्लं होतं का? "आता काय सांगायचं त्यास्नी, साहेब? डबा तसाच हाय. रोलरच्या हँडलाला टांगलेला."

उन्हानं गेले, असं सगळे म्हणाले. मृत्यूच्या दाखल्यावरही तसंच काहीसं लिहिलंय. ऊन होतंच, त्याबद्दल वाद नाही. पण रोहिदास आण्णा दुपारी कामावर का जेवत नसत, हे जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक ते स्वतः, दुसरा मी. त्यातही त्यांना जे ठाऊक होतं ते खोटं होतं आणि खरं काय ते माझ्या एकट्याकडे होतं. बारा वर्षं होतं. ते त्यांना सांगायचं राहून गेलं, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण राहून वगैरे काही गेलं नाही. मी सांगितलं नाही.

आण्णांचं गाव चाकणच्या पलीकडचं. घरची शेती, त्यातली बरीचशी कारखान्यांखाली गेलेली, उरलेल्या तुकड्यात बटाटा आणि भुईमूग. तिशीच्या आत रोलरवर चढले ते अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत उतरले नाहीत. अंगानं किरकोळ, डोक्याला कायम एक विटकरी मफलर, उन्हाळ्यात तोच पाण्यात भिजवून बांधलेला. दहा टनांचं धूड चालवणारा माणूस इतका हलका असावा याची मला पहिल्यांदा गंमत वाटली होती. मी पिंपळे गुरवचा, नुकता डिप्लोमा करून ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर म्हणून लागलेलो. डोक्यावर नवं पांढरं हेल्मेट आणि हातात लांब सळईचा थर्मामीटर. डंपर आला की ती सळई मालात खुपसायची, तबकडीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. एकशे चाळीसच्या आत असेल तर गाडी परत. एवढं एकच काम मला आत्मविश्वासानं करता येत होतं. बाकी सगळं आण्णांनी शिकवलं, तेही शिकवतोय असं न दाखवता.

रस्ता दाबून झाला की ते खाली उतरत, तांब्याभर पाणी मधोमध ओतत आणि हात मागं बांधून बघत उभे राहत. पाणी झरझर कडेला गेलं तर मान हलवून पुढं. रेंगाळलं तर खडूनं तिथं गोल काढत. "साहेब, गाड्या रस्ता मोडत न्हाईत. पानी मोडतंय. गाडी नुसतं निमित्त." मला तेव्हा हे गावठी बोलणं वाटायचं. कॉलेजात आम्ही रस्त्याच्या उताराचे टक्के पाठ केले होते, पण तांब्याभर पाण्याची परीक्षा कुणी घेतली नव्हती. ताडपत्रीचं टोक कुणीकडं फडफडतंय ते बघून ते ठरवत की आज माल किती लवकर दाबायला हवा. थंड वारं असलं की त्यांची धांदल बघण्यासारखी. गरम आहे तोवर माल हातातला, म्हणत. एकदा गार झाला की त्यावर रोलर फिरवून उपयोग नसतो, वरून तो गुळगुळीत दिसतो एवढंच. आत पोकळ जागा राहते, पुढच्या पावसाळ्यात पाणी त्यातून खाली शिरतं आणि खडी सुटी होत जाते. अशा मालाला आण्णा 'मेलेला माल' म्हणायचे. उलट्या हातानं, बोटांच्या मागच्या बाजूनं ते माल चाचपत, तापलेलं कपाळ बघावं तसं. पाच-दहा अंशांचा फरक त्यांना कळायचा. माझा थर्मामीटर आणि त्यांचा हात यांच्यात वाद झालाच तर मी गुपचूप थर्मामीटर झटकून परत खुपसायचो.

आता तो दिवस सांगतो. डिसेंबर होता. समुद्रात कुठंतरी वादळ उठलेलं आणि त्याची शेपटी आमच्यावर आलेली. दोन दिवस भुरभुर पाऊस, आभाळ खाली उतरलेलं, बोचरं वारं. कारखान्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एका वजनकाट्यापुढं, दोनशे फुटांचा तुकडा बाकी होता. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं पाहुणे यायचे होते, कुठल्याशा नव्या कारखान्याच्या उद्घाटनाला. दहा वाजता भुरभुर थांबली आणि आमच्या मोठ्या साहेबांनी माल जिथं तयार होतो त्या प्लांटवरून गाड्या सोडायला सांगितलं. डंपर निघाले ते चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत अडकले. अकरा वाजले, बारा वाजले, साडेबारा झाले. आण्णा सकाळी सहाला घरून निघालेले. मीच त्यांना म्हणालो, "आण्णा, गाड्या अडकल्यात, जेवून घ्या तोवर." ते नको नको म्हणत होते. मी आग्रह केला. वारं लागू नये म्हणून ते रोलरच्या आडोशाला, रस्त्याकडं पाठ करून बसले आणि डबा उघडला. हे सगळं मला इतकं स्वच्छ आठवतं की भाकरीवर काळ्या तिळांचे ठिपके होते हेसुद्धा सांगू शकतो.

एकच्या सुमाराला पहिला डंपर आला. ताडपत्री मधोमध फाटलेली. मागचा हौदा उचलला तर वाफ नाही, वास नाही, माल ढेकळासारखा सरकत खाली आला. मी सळई खुपसली. एकशे सहा. दुसरीकडं खुपसली, तिथं त्याहून कमी. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "आकडा काय बघतोस, आभाळ बघ. परत पाऊस आला तर उद्या पाहुण्यांना काय दाखवणार, खड्डा? टाक." मी म्हणालो, सर, माल परत पाठवायला हवा. ते म्हणाले, तू नवा आहेस ना? त्यापुढं काही बोलले नाहीत, फोन चालू ठेवला. मला नोकरी लागून सहा महिने झाले होते. मी ज्ञानूला हात केला, त्यानं पेव्हर सुरू केलं, आणि वहीत मी एकशे बेचाळीस लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्या पानावर तर फारच सुंदर आलंय.

आण्णांना मी हाक मारली नाही. फोनच्या त्या गोंधळात आणि नंतरच्या घालमेलीत पंधरा-वीस मिनिटं गेली. पेव्हरचा आवाज ऐकून तेच धावत आले, हात पुसत पुसत. वाकले, बोटांची मागची बाजू मालाला लावली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "साहेब, गार हाय ओ माल." सगळे थांबले. ज्ञानू, मागं फावडी घेतलेली माणसं, डंपरचा ड्रायव्हर, कडेला तमाशा बघणारे वजनकाट्यावरचे दोघं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही जेवत बसलात, आण्णा! वीस मिनिटं माल उघड्यावर पडलाय, गार नाही होणार तर काय?"

मी हे ठरवून बोललो नव्हतो. पण बोलून झाल्यावर माघारीही घेतलं नाही. आण्णांनी आपल्या हाताकडं पाहिलं. बोटांना चटणी लागलेली होती. "टाकताना किती व्हतं?" त्यांनी विचारलं. मी वही पुढं केली. ते आकडे वाचू शकत. एकशे बेचाळीस वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. ते माझ्या बोलण्यावर शंका घेऊ शकले असते, मी पंचवीस वर्षांचं पोरगं होतो. पण आकड्यावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती, आणि माल डंपरमधून पडताना त्यांनी पाहिला नव्हता. रस्त्याकडं त्यांची पाठ होती. "चुकलं, साहेब," म्हणाले, आणि रोलरवर चढले. संध्याकाळपर्यंत त्या दोनशे फुटांवर ते फेऱ्या मारत राहिले. एरवी जेवढ्या लागतात त्याच्या तिप्पट. मेलेल्या मालात जीव आणायचा प्रयत्न चालला होता आणि मी कडेला उभा राहून तो बघत होतो. अर्धी भाकरी डब्यात तशीच उघडी राहिली, ती कुत्र्यानं नेली.

पाहुण्यांना रस्ता आवडला.

जुलैत तो तुकडा सुटायला लागला. आधी खडी कडेला दिसायला लागली, मग ताटाएवढे खड्डे, मग परातीएवढे. त्यातून रस्त्याकडेचा पाण्याचा चर तिथल्या हॉटेलवाल्यांनी गाड्या लावायला बुजवलेला, त्यामुळं पाणी जायचं कुठं? ते रस्त्यावरच उभं राहायचं. वरून बघावं तर नुसतं सपाट पाणी, खाली खड्डा आहे की रस्ता आहे कळत नाही. एका दुपारी, दुसऱ्या शिफ्टच्या वेळेला, धो धो पावसात एक जोडपं मोटरसायकलवरून चाललं होतं. बाई मागं बसलेली, एका कारखान्यात वायरिंगचं काम करायची. चाक खड्ड्यात गेलं, ती उडून रस्त्यावर पडली. मागून कंटेनर येत होता. तिचं नाव मंगल. आण्णांच्या शेजारच्याच वाडीवरची, म्हणजे त्यांना ती नावानं, माहेरासकट ठाऊक होती. नवरा वाचला. त्याला काही लागलं नाही, एवढंच ऐकलं.

चौकशी झाली. वही तपासली गेली. एकशे बेचाळीस, नियमात बसतंय. खडी नियमात, डांबर नियमात. शेवटी अहवालात कारण लिहिलं गेलं, अतिवृष्टी. आमच्या धंद्यात हे फार सोयीचं आहे. पावसाला नोटीस पाठवता येत नाही, त्याची बदली करता येत नाही आणि तो कधी उलटून बोलत नाही. खरं म्हणजे पाऊस दरवर्षी येतो, ऊन दरवर्षी पडतं, डिसेंबरात वारं गारच असतं. त्यांच्यात काहीही अचानक नसतं. पण दर वर्षी आम्ही नवल वाटल्यासारखा चेहरा करतो आणि सही करतो. त्या अहवालाच्या दिवशी मी पोटभर जेवलो, हे मला आठवतं. सुटलो, असं वाटलं होतं.

आण्णा मंगलच्या दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर गेले होते. लांब, वरच्या पायरीवर उभे होते, खाली उतरले नाहीत. हे मला ज्ञानूनं सांगितलं. आणि त्यानंतरच्या कामावर आम्ही भेटलो तेव्हा डबा रोलरच्या हँडलला टांगलेला होता आणि आण्णांनी तो दुपारी काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटचा थर दाबून होईस्तोवर ते जेवत नसत, आणि शेवटचा थर व्हायला आमच्याकडं चार-पाच वाजतात. मग म्हणत, आता घरीच जेवू. सगळ्यांना वाटलं काही व्रत घेतलंय. पोरं चिडवायची, "आण्णा, कुठल्या देवाला बोललाय?" ते हसायचे. मीही एकदा चेष्टेत विचारलं, "काय आण्णा, उपास का?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नुसतं म्हणाले, "व्हय, तसंच समजा." मला कळलं. कळूनही मी हसलो आणि पुढं गेलो. माणूस किती खालच्या पातळीचा असू शकतो हे बघायला मला लांब जावं लागत नाही.

पण खरी शिक्षा दुसरीच होती. त्या वर्षीच्या दिवाळीआधी आण्णा आमच्या पिंपळे गुरवच्या घरी आले, खांद्यावर ओल्या भुईमुगाच्या शेंगांचं पोतं. मी नाही म्हणालो, बायकोनं ठेवून घेतलं. मी त्यांना सोडायला बसस्टॉपपर्यंत गेलो तेव्हा म्हणाले, "साहेब, तुमी मला सांबाळून घेतलं. चौकशीत माझ्या जेवनाचं काढलं असतं तर मी जेलात असतो. तुमी तोंड उघाडलं न्हाई. मी इसरनार न्हाई." ... बस आली, ते चढले, खिडकीतून हात केला. मी तिथंच उभा होतो. मी गप्प बसलो होतो ते माझ्यासाठी, आणि हा माणूस त्याचे उपकार मानून मला शेंगा देऊन गेला होता. त्यानंतर दर वर्षी पोतं आलं. बारा पोती. दर वर्षी बायको शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायची, बिल्डिंगमध्ये वाटायची, आणि सगळे म्हणायचे, तुमचे रोलरवाले किती जीव लावतात हो तुम्हाला.

सांगायचा प्रयत्न मी एकदा केला. खोटं वाटेल, पण केला. जानेवारीतली सकाळ, नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी आम्ही दोघं उभे होतो. धुकं इतकं दाट की दहा पावलांवरचा ट्रक आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. तिथं आदल्या आठवड्यात दोन गाड्या कठड्याला घासल्या होत्या म्हणून आम्हाला पांढरे पट्टे आणि चकाकणाऱ्या खुणा कुठं हव्यात ते बघायला पाठवलं होतं. आण्णांना खरं तर त्या कामाशी देणंघेणं नव्हतं, पण धुकं नदीतून कुठवर वर येतं आणि उन्हं किती वाजता त्याला उठवतात हे त्यांनाच विचारायला लागायचं. बोलता बोलता ते थांबले. "मंगलची पोरगी आता कालेजात आसंल न्हाई?" मी म्हणालो, "आण्णा, त्या दिवशीचा माल..." तेवढ्यात त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "नका, साहेब. तुमी काढू नका ते. माझं मला हाय. तुमच्यासारखा मानूस पाठीशी व्हता म्हनून मी उभा हाय." आणि मी गप्प बसलो. सोयीनं गप्प बसलो. त्यांना दुखवायचं नव्हतं, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. त्यांचा माझ्यावरचा विश्वास मला हवा होता, हे खरं.

त्याच्या बदल्यात मी काय केलं? मी फार कडक झालो. ठेकेदाराच्याच गुणवत्ता विभागाकडं बदली मागून घेतली. दोन अंश कमी भरला तरी डंपर परत पाठवायचो. ढग दिसले की काम बंद. पोटठेकेदारांची माणसं मागं मला शिव्या घालायची आणि पुढं चहा द्यायची, मी तो घ्यायचो नाही. लोक म्हणत, हा माणूस विकला जात नाही. आण्णा सगळ्यांना कौतुकानं सांगत, आमचे साहेब पहिल्यापासून असेच. त्यांनी असं म्हटलं की मी दुसरीकडं बघायचो.

आणि या मे महिन्यात चाकणच्या पुढच्या एका वळणावर डांबर वर पाझरायला लागलं. उन्हाळ्यात असं होतं. डांबर जास्त झालेलं असलं की उन्हानं ते वर येतं, रस्ता काळा, गुळगुळीत होतो आणि वळवाचे चार थेंब पडले की दुचाक्या साबणावरून घसराव्या तशा घसरतात. त्यावर उपाय एकच, खडीची बारीक कच पसरून रोलर फिरवायचा. पण तो डांबर मऊ असतानाच, म्हणजे भर उन्हात. सकाळी केलं तर कच चिकटत नाही, सुटी राहून उलट घसरायलाच मदत करते. 'काम दुपारी बारा ते तीन याच वेळेत व्हावे', असा कागद निघाला. त्याखाली सही माझी आहे. सूचना अगदी बरोबर होती, आजही मी तीच देईन. फक्त रोलरवर कोण असणार आणि तो तीन वाजेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, हे त्या कागदावर सही करताना ज्याला ठाऊक होतं असा माणूसही मीच होतो. माझ्या ते डोक्यातही आलं नाही. बारा वर्षांत मला त्यांच्या उपाशी राहण्याची इतकी सवय झाली होती.

दोन आठवड्यांपूर्वी, रविवारी, मी त्यांच्या घरी गेलो. दहाव्याला, तेराव्याला गेलो होतो, पण गर्दीत. या वेळी एकटा. शेवंतावहिनी, आण्णांच्या बायको, ओसरीवर भुईमुगाचं बी निवडत बसल्या होत्या, पेरणी राहिलेली. उठल्या, चहा टाकला, कप समोर ठेवला. दाराशेजारच्या खिळ्याला डबा टांगलेला होता, तीन पुडांचा, स्टीलचा, घासून लखलखीत. कडीला विटकरी मफलरची एक चिंधी बांधलेली, उन्हानं तापलेली कडी हाताला पोळू नये म्हणून. मी त्या डब्याकडं बघत सगळं सांगितलं. डंपर, ताडपत्री, एकशे सहा, एकशे बेचाळीस, फोन, ते वाक्य. मंगल. शेंगांची पोती. मध्ये एकदाही त्यांनी मला थांबवलं नाही. हात मात्र थांबले होते. चहावर साय धरली.

अंगणात पाऊस उघडला होता, पागोळ्या तेवढ्या पडत होत्या. मग वहिनी म्हणाल्या, "मला ह्यातलं कायबी म्हाईत न्हाई. मला म्हनायचे, भूक न्हवती." खिळ्याच्या डब्याकडं पाहिलं. "बारा वर्सं रोज पाटं उठून डबा भरला, साहेब. रोज सांजच्याला तसाच यायचा. मेथी करून बघितली, पिठलं केलं, भरलं वांगं केलं, चटनी बदलली. मला वाटायचं... माझ्या हाताला चव न्हाई ऱ्हायली."

मी तिथं जाताना ठरवून गेलो होतो की वहिनी रडतील, शिव्या देतील, किंवा हाकलून देतील. कदाचित माफ करतील, असंही आत कुठंतरी होतं, खोटं कशाला बोलू? हे मी धरलंच नव्हतं. एका वाक्यानं मी एका माणसाचं जेवण तोडलं एवढंच मला ठाऊक होतं. तो डबा भरणारं दुसरं कुणी होतं, आणि त्या बाईनंही बारा वर्षं स्वतःलाच दोष दिला, हा विचार मला एकदाही शिवला नव्हता.

मी म्हणालो, "वहिनी, मी काय करू सांगा." त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. "त्यास्नी ते वाक्य कुठं बोलला व्हता तुमी? घरात येऊन बोलला व्हता?" मी म्हणालो, "नाही. साइटवर. सगळ्यांसमोर." "मंग मला येकलीला हितं वसरीवर सांगून काय उपेग? लोकांम्होरं बोलला व्हता, लोकांम्होरं सांगा." एवढं म्हणून त्या आत गेल्या. मी निघालो तेव्हा "या" म्हणायला बाहेर आल्या नाहीत. ते योग्यच होतं.

हे ज्यात छापून येतंय ती वर्तमानपत्राची पुरवणी चाकणच्या त्या वजनकाट्यावर येते, मी चौकशी केली. ज्ञानू वाचत नाही, पण त्याची मुलगी त्याला वाचून दाखवते. त्या दिवशी फावडी घेऊन उभे असलेले काहीजण आता कुठं आहेत मला ठाऊक नाही. मंगलचे नातेवाईक वाचतील की नाही, तेही ठाऊक नाही. वाचलं आणि माझ्या दारात आले, तर मी घरी असेन. ठेकेदाराकडं आणि ज्यांच्याकडं चौकशी होती त्यांच्याकडं लेखी कळवून मग हे छापायला दिलंय, त्याचं जे व्हायचं ते होईल.

तर, त्या दिवशी तिथं जे जे उभे होते त्यांना सांगतो. माल आला तेव्हाच मेलेला होता. थर्मामीटरवर एकशे सहा होतं, वहीतलं एकशे बेचाळीस मी लिहिलंय. रोहिदास आण्णांनी माल गार आहे हे हात लावताक्षणी ओळखलं होतं आणि ते बरोबर होते. दुपारचा एक वाजला होता, ते सकाळी सहापासून उपाशी होते आणि रोलरच्या आडोशाला बसून आपल्या बायकोनं दिलेली भाकरी खात होते. "जेवून घ्या," असं मीच त्यांना म्हणालो होतो.